लाल चाप

सिंगापुरातल्या पासिर रिसच्या त्या फ्लॅटमधली सगळ्यात भक्कम खोली म्हणजे बॉम्ब शेल्टर. जाड भिंतींची, लोखंडी दाराची, एक माणूस हात पसरून जेमतेम उभा राहील एवढी. युद्ध काही आलं नाही, त्यामुळे लोक तिथे तांदळाची पोती, सुटकेसा आणि बिघडलेले पंखे ठेवतात. श्रीनिवास पाळंदे तिथे पिस्तूल ठेवत असे.

खरं पिस्तूल नव्हे, असं तो स्वतःला बजावायचा. मुठीत भरलेल्या गॅसवर चालणारं, प्लास्टिकच्या पांढऱ्या गोळ्या मारणारं, पण धातूचं, वजनदार आणि दिसायला हुबेहूब. हाँगकाँगला अशी पिस्तुलं दुकानाच्या काचेत खुशाल मांडलेली असतात. सिंगापुरात असली थेरं चालत नाहीत. इथल्या कायद्याच्या लेखी तेही शस्त्रच, आणि विनापरवाना शस्त्र घरात सापडलं तर माणूस आधी तुरुंगात जातो आणि मग बाडबिस्तरा गुंडाळून मायदेशी. हे सगळं त्याला ठाऊक होतं. बँकेच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायचा पगार घेणाऱ्या माणसाला एवढं ठाऊक असतंच. तरीही ऑफिसच्या कामाने हाँगकाँगच्या खेपा होत गेल्या तसं त्याने ते सुटं करून, चार्जर आणि केबलींच्या गुंत्यात लपवत, थोडंथोडं आणलं. अक्कल एकदम चरायला गेली असती तर निदान त्याच्या लक्षात तरी आलं असतं.

कॉलेजात एन.सी.सी.मध्ये असताना त्याचा नेम चांगला होता. राज्याच्या संघात निवड मात्र हुकली, आणि हुकली ती चाप ओढताना हात हलतो म्हणून. उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पाळंदे, डोळा तुझा, पण बोट दुसऱ्याचं आहे." पुढे नोकरी, लग्न, परदेश, मॅनेजरची खुर्ची सगळं झालं, पण ते वाक्य काही त्याच्या मनातून गेलं नाही. शनिवारी दुपारी शेल्टरचं दार लावून तो समोरच्या भिंतीवरच्या कागदावर गोळ्या मारायचा आणि नेम जरा चुकला की दोष चापाला द्यायचा. चाप लांब ओढावा लागतो, मध्येच अडखळतो, कंपनीने दिलेला भंगार आहे. मग शेवटच्या खेपेला त्याने नवा चाप आणला. दुसऱ्याच कंपनीचा, लाल रंगाचा, हलका. दुकानदार म्हणाला होता, नुसता विचार केलात तरी सुटेल. श्रीनिवासला ते फार आवडलं होतं.

दसरा त्या वर्षी शनिवारी होता. शुक्रवारी त्याने रजा टाकली. पुण्याहून आलेली आई आणि बायको चैत्राली झेंडूची फुलं आणायला लिटल इंडियात गेल्या, तशी त्याने जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि पिस्तूल उघडलं. बारीक पिना, बारीक स्प्रिंगा. मोबाइलवर कोणा अमेरिकन माणसाचा व्हिडिओ चालू. हा उद्योग तासाभराचा असं त्या माणसाने हसत हसत सांगितलं होतं, पण श्रीनिवासची कॉफी दोनदा निवली तरी लाल चाप नीट बसेना. शेवटी कानशीने थोडा घासला तेव्हा बसला. पिस्तूल पुन्हा जोडल्यावर मात्र त्याला दिसलं की अडकण, म्हणजे चाप चुकून सुटू नये म्हणून असलेला छोटा खटका, आता पुरता बसत नाही. वर ढकलला तर जागेवर गेल्यासारखा दिसायचा, पण चाप तरीही हलायचा.

"बघू उद्या-परवा," तो स्वतःशीच म्हणाला. ऑफिसात कोणी असं म्हणालं असतं तर त्याने त्याची भर मीटिंगमध्ये सालटी काढली असती.

शेल्टरमध्ये जाऊन त्याने गोळ्या मारून पाहिल्या. काय सांगावं! बोट टेकतंय न टेकतंय तोच गोळी कागदाच्या मधोमध. पुन्हा मधोमध. इतक्या वर्षांनी बोट त्याचं स्वतःचं झालं होतं, आणि त्याला एकट्यालाच शेल्टरमध्ये हसू फुटलं. तेवढ्यात बाहेर जाळीच्या दारात किल्ली वाजली. त्याने घाईघाईने मॅगझिन काढून खिशात घातलं, पिस्तूल हत्यारांच्या पेटीत स्क्रू-ड्रायव्हरांखाली सारलं, वर फडकं टाकलं आणि तोंडावर निरागस भाव आणून बाहेर आला. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं, असं त्याचं बोट समजत होतं. नळीत चढलेली एक गोळी तिथेच राहते आणि गॅस मुठीत असतोच, हे त्याच्या डोक्याला माहीत होतं. पण त्या क्षणी डोकं दाराकडे होतं.

आई न्हाणीघरात पाय धुवायला गेली. चैत्राली विद्यापीठात संशोधन करणारी बाई, टेबलावर राहिलेला काळा जुना चाप तिने एका नजरेत ओळखला.

"श्री, हे काय आहे?"

"काही नाही. पार्ट बदलला एक."

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" ती आवाज दाबून म्हणाली. "इथे कायमचं राहायला पीआरचा अर्ज टाकलाय आपण. सेंगकांगला घर बघतोय. आणि तू त्या वस्तूला दागिने घडवतोयस? कोणी नुसतं पाहिलं ना, तर संपलं सगळं. जेल आहे इथे. काढून टाक. आत्ता."

"आई घरात आहे. उद्याचा दसरा होऊ दे. परवा तुकडे करून टाकतो, शप्पथ."

"आज टाक."

"परवा म्हटलं ना!"

चैत्राली गप्प बसली. सासूसमोर भांडण नको म्हणून ती गप्प बसली, आणि त्या एका दिवसाची सवलत श्रीनिवासला मिळाली.

आता त्याच्या आईविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरोजिनीबाईंच्या नवऱ्याचं, मनोहररावांचं, भोसरीला लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. त्या घरात दिवाळी एक वेळ साधी व्हायची, दसऱ्याची शस्त्रपूजा कधी नाही. लेथपासून अर्ध्या इंचाच्या पान्यापर्यंत प्रत्येक हत्यार धुऊन, पुसून, गंध-अक्षता लावून पाटावर मांडायचं आणि प्रत्येकाला एक फूल. एका वर्षी एक कानस बाकाखाली राहून गेली. दिवाळीच्या आत मनोहररावांचं उजव्या हाताचं बोट मशीनमध्ये गेलं. लोक म्हणाले योगायोग. सरोजिनीबाई काही म्हणाल्या नाहीत, पण त्या दिवसापासून दसऱ्याला त्या घरभर वाकून वाकून पाहायच्या. नवरा गेला, वर्कशॉप विकलं, तरी ही तपासणी चालूच राहिली. बाई गणिताच्या शिक्षिका होत्या, भोळ्या मुळीच नव्हत्या. फक्त या एका बाबतीत त्यांना धोका पत्करायचा नव्हता.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये पाट मांडला गेला. दोन लॅपटॉप, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, कात्री, आणि सासूबाईंच्या आग्रहाखातर चैत्रालीने लॅबमधून आणलेलं एक जुनं पिपेट. पुरणाचा वास घरभर पसरला होता.

"श्रीनू, तुझी पेटी कुठेय रे हत्यारांची?"

"आहे आत. मी देतो काढून," श्रीनिवास चटकन म्हणाला. "आंघोळ करून येतो, मग देतो. तू हात लावू नकोस, जड आहे."

असं सांगून माणूस आंघोळीला गेला. आधी ती वस्तू हलवावी, मग अंगावर पाणी घ्यावं, एवढं सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. पण चैत्राली शेल्टरच्या दाराशीच उभी राहून डाळीचा डबा शोधत होती, आणि तिच्यादेखत ते पेटीतून काढायची त्याला लाज वाटली.

डोक्यावर शाम्पू असताना त्याला लोखंडी दाराचा आवाज ऐकू आला. ते दार उघडताना खालून खरवडायचं, दुसऱ्या कुठल्याच दाराचा आवाज तसा नव्हता. त्याने शॉवर बंद केला. मग पेटी फरशीवरून ओढल्याचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही.

"अगंबाई!" आईचा आवाज आला, चांगला खुशीतला. "फडक्याखाली काय दडवून ठेवलंय बघ! खेळण्यातलं असलं तरी हत्यारच, आणि हेच राहिलं असतं की!"

श्रीनिवासच्या डोळ्यांत फेस, हाताला टॉवेल लागेना, कडी निघेना. "आई, ठेव ते! आई!" तो आतून ओरडला. बाहेर मिक्सर सुरू झाला होता.

तो टॉवेल गुंडाळून हॉलमध्ये धावला तेव्हा सरोजिनीबाई पाटासमोर मांडी घालून बसल्या होत्या. वाचायचा चष्मा काढून बाजूला ठेवलेला. पिस्तूल ओल्या फडक्याने पुसून, इतर हत्यारांच्या मधोमध, मानाच्या जागी ठेवलेलं. मूठ पलीकडे, नळी त्यांच्याकडे. नळीवर त्यांनी कुंकवाचं बोट ओढलं होतं. आता त्यांच्या हातात झेंडूचं फूल होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्या वाकून, अगदी जवळून पाहत होत्या. पिस्तुलावर ठेवलं की घसरत होतं. चापाभोवतीचं गोल कडं त्यांना दिसलं. फूल अडकवायला बरी जागा होती.

त्यांनी देठ त्या कड्यात खोवला.

आवाज अगदी लहानसा झाला, फुगडीच्या टाळीएवढा. सरोजिनीबाई किंचाळल्या नाहीत. त्यांनी फक्त उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि "अरे," म्हणाल्या, कोणी वाटेत धक्का दिल्यावर म्हणतात तसं. मग बोटांमधून रक्त आलं.

चैत्राली स्वयंपाकघरातून आली, तिने पाहिलं, आणि तिचा बांध फुटला. "सांगितलं होतं तुला! काल सांगितलं होतं! आता पोलीस येतील, श्री, आता तुला घेऊन जातील!"

श्रीनिवास टॉवेलवर तसाच उभा. केसांतला फेस खांद्यावर ओघळत होता. त्याला आईकडे जावंसं वाटत होतं आणि पाय उचलत नव्हते. सरोजिनीबाईंनी एका डोळ्याने आधी सुनेकडे पाहिलं, मग मुलाकडे. कधीकाळी मुलांच्या तोंडाकडे पाहून कॉपी पकडणारी ती बाई. तिला दोघांच्या चेहऱ्यावरून सगळं समजलं.

"चैत्राली," त्या म्हणाल्या, "तो नारळ फोड."

"आई, काय बोलताय तुम्ही? हॉस्पिटल..."

"जाऊ. आधी नारळ फोड, आणि करवंट्या इथेच पसर. नारळ फोडताना करवंटी उडाली. तिघांनीही हेच सांगायचं. तुला माझी शपथ आहे." मग श्रीनिवासकडे वळून म्हणाल्या, "तू कपडे घाल. आणि ते आत ठेव."

त्याने ते आत ठेवलं. कुंकवासकट.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत तरुण डॉक्टरीणबाईंनी इंग्रजीत विचारलं, काय लागलं? सरोजिनीबाईंनी शाळेतल्या इंग्रजीत ठणठणीत उत्तर दिलं: देवाचा नारळ, फोडताना तुकडा उडाला. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं मोठं खोटं बोलल्या असतील, पण पाढा म्हणावा तशा बोलल्या. डॉक्टरीणबाईंनी श्रीनिवासकडे पाहिलं. तुम्ही पाहिलंत?

"हो," तो म्हणाला. "नारळ."

वेगाने आलेलं दुसरं काही नाही ना? धातू, प्लास्टिक, काही?

चैत्राली त्याच्याकडे एकटक पाहत होती. तिच्या तोंडाला शपथेचं कुलूप होतं. त्याचं तोंड मोकळं होतं.

"नाही," श्रीनिवास म्हणाला.

मग नारळाचे उपचार सुरू झाले. डोळा धुतला, नारळाचे तंतू शोधले, थेंब घातले, जखम वरवरची वाटतेय, सूज उतरू दे, मग नीट पाहू, असं सांगून बाईंना पडद्याआड झोपवलं. डोळा सुजून पेरूएवढा झाला होता. आईचं कण्हणं पडद्यातून बाहेर येत होतं, मधूनमधून, दाबून, मुलाला ऐकू जाऊ नये अशा बेताने. त्याला प्रत्येक कण्हणं ऐकू येत होतं.

"श्री," चैत्राली हळूच म्हणाली. "ती गोळी कुठे गेली?"

"म्हणजे?"

"मी नारळ फोडला तेव्हा फरशी पाहिली सगळी. पाट पाहिला. गोळी नव्हती कुठे."

त्याने सकाळचं आठवून पाहिलं. आईने हात डोळ्यावर ठेवला होता. गोळी खाली पडल्याचा आवाज आला नव्हता.

"जाऊन सांग त्यांना," चैत्राली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मला शपथ घातलीय. तुला नाही घातलेली. श्री, आई आहे ती तुझी. सांग."

तो उठला. खरंच उठला. काउंटरपर्यंत गेला. तिथे एक पोलीस शिपाई दुसऱ्याच कुठल्या अपघाताची माहिती लिहून घेत उभा होता. त्याच्या कमरेला पिस्तूल होतं, साधं, काळं. श्रीनिवास त्या पिस्तुलाकडे पाहत राहिला आणि त्याला कोठडी दिसली, ऑफिसमधले चेहरे दिसले, सेंगकांगचं ते घर दिसलं, ज्याच्या बाल्कनीत आईसाठी खुर्ची ठेवायचं ठरलं होतं. त्याने काउंटरवरच्या मुलीकडे पाणी मागितलं आणि पाणी घेऊन परत आला.

"डॉक्टर बघतायत ना," तो म्हणाला. "तज्ज्ञ लोक आहेत. कळेलच त्यांना. थोडं थांबू."

चैत्रालीने त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. ती उठली आणि पलीकडच्या खुर्चीवर जाऊन बसली.

दुपार कलल्यावर आईला उलट्या सुरू झाल्या. मग एकदम धावपळ झाली, स्कॅन झालं, मोठे डॉक्टर आले, कागदावर सही घेतली आणि ट्रॉली लिफ्टमध्ये गेली. लिफ्टचं दार मिटताना आईने हात थोडा वर केला. त्या हाताला अजून हळद लागलेली होती.

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. वयस्कर चिनी गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी श्रीनिवासला बाजूला बोलावलं आणि हातातली झाकणाची छोटी पारदर्शक डबी त्याच्यासमोर धरली. आत एक पांढरी, गुळगुळीत, गोल गोळी होती.

"तुमच्या आईच्या डोळ्यामागे होती," ते म्हणाले. "नारळात असं काही मी पाहिलेलं नाही."

श्रीनिवास दोन पावलं मागे भिंतीपर्यंत सरकला.

"दाब वाढत गेला. दृष्टीच्या शिरेला रक्त पोचलं नाही. आल्या आल्या समजलं असतं तर डोळा बहुधा वाचवता आला असता." त्यांनी डबी खिशात ठेवली. "या डोळ्याने त्यांना आता दिसणार नाही. आणि हे मला कळवावंच लागेल. तुम्ही समजून घ्याल."

तेव्हा तो बोलला. भिंतीला टेकून, आधी डॉक्टरांना आणि मग आलेल्या दोन पोलिसांना, सगळं सांगितलं. पिस्तूल, हाँगकाँग, शेल्टर, लाल चाप, न बसणारा खटका, काउंटरवर मागितलेलं पाणी. पाण्याबद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं. तरीही त्याने ते सांगितलं आणि ढसाढसा रडला. पोलीस शांतपणे थांबले. त्यांना त्याची घाई नव्हती. तो आता कुठे जाणार नव्हता. घराची किल्ली चैत्रालीने त्यांच्याकडे दिली.

"आईंना एकदा भेटू द्या त्याला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

पोलिसांपैकी एक जण वॉर्डच्या दारात उभा राहिला. श्रीनिवास आत गेला. आईच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती. दुसरा डोळा औषधाने जड झालेला, पण पावलांवरून तिने मुलाला ओळखलं आणि पलंगाच्या कडेला हात चाचपला. त्याने तो हात धरला.

"किती वाजले रे? सोनं वाटायचं राहिलं," ती पुटपुटली.

"वाटू, आई."

"घाबरलास ना? घाबरू नकोस." तिचा अंगठा त्याच्या बोटांवरून एकेक करत फिरला, लहानपणी बूट घालायच्या आधी पायाची बोटं मोजायची तसा. सगळी बोटं जागेवर होती. तिला बरं वाटलेलं दिसलं. "कुंकू लावलं होतं मी त्याला. पूजा चुकली नाही, म्हणून माझ्यावरच निभावलं. तुझ्या हाताला काही झालं असतं तर?"

दारातल्या पोलिसाच्या बुटांचा आवाज झाला. आईने तो आवाज ऐकला आणि तिची पकड घट्ट झाली.

"कोण आहे? डॉक्टर?"

"हो."

मग ती त्याला आणखी जवळ ओढून, दारापर्यंत जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "नारळच सांगितलंस ना रे?"

"हो आई," तो म्हणाला. "नारळच."